अठ्ठ्याऐंशी हालचालींची मोजपट्टी

बाळानं मान कधी धरली, पालथं कधी पडलं, रांगायला कधी लागलं, याचा हिशेब घरातल्या आजीला तोंडपाठ असतो. थोरलं भावंड, शेजारचं मूल, मावशीची लेक यांच्याशी तो ताडूनही पाहिला जातो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या घरी मात्र हा हिशेब पहिल्या वर्षातच जुळेनासा होतो. जन्माच्या आगेमागे वाढत्या मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही; पण स्नायूंचा ताण, हालचालींवरचा ताबा आणि तोल यांवर तिचा परिणाम आयुष्यभर राहतो. अशा मुलानं दीर्घ व्यायामानंतर हात न टेकता तीन सेकंद बसून दाखवलं, तर वयाच्या तक्त्यात त्याची नोंद कुठेच होत नाही. आईला मात्र तो फरक स्वच्छ दिसतो. तो आकड्यात मांडायचा कसा, या प्रश्नाचं उत्तर शोधताना ‘ग्रॉस मोटर फंक्शन मेझर’, म्हणजेच जीएमएफएम, ही कसोटी तयार झाली.

या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन लंडनच्या विल्यम जॉन लिटल यांचं. लहानपणीच्या आजारानं त्यांचं स्वतःचं पाऊल वाकडं झालं होतं. जर्मनीतल्या स्ट्रोमायर यांच्याकडे शस्त्रक्रिया करून घेऊन ते परतले आणि हाडांच्या व्यंगांवरच काम करू लागले. १८६१ मध्ये त्यांनी लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे निबंध वाचला. अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतःच गुदमरणं यांचा संबंध त्यांनी मुलांच्या ताठर हातापायांशी जोडला. पुढे बरीच वर्षं हा आजार ‘लिटलचा आजार’ म्हणूनच ओळखला जाई. १८८९ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी आणि १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी त्यावर ग्रंथ लिहिले. या सर्वांनी आजार ओळखला आणि त्याची वर्गवारी केली. मूल सुधारतंय का, हे मोजण्याचं साधन मात्र त्यांच्याजवळ नव्हतं.

विसाव्या शतकात साधनं आली, ती निरोगी मुलांसाठी. येल विद्यापीठात अर्नोल्ड गेसेल यांनी असंख्य मुलांचं निरीक्षण करून, चित्रफिती घेऊन, कोणत्या वयात काय यावं याचे तक्ते बनवले. नॅन्सी बेली यांची कसोटी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. मूल वयाच्या मानानं मागे आहे का, हे या कसोट्या उत्तम सांगतात. पण मागे असलेलं मूल थोडं पुढे सरकलं, की बरोबरीची मुलं त्याहून कितीतरी पुढे गेलेली असतात. त्यामुळे मूल सुधारत असूनही त्याचा गुणांक घसरलेला दिसतो.

दरम्यान उपचारांचा पसारा वाढला होता. लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्यानं घडवलेली पद्धत जगभर पोचली होती. मग साहजिकच विचारणा सुरू झाली की एवढ्या थेरपीचा उपयोग किती? १९८८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ४८ तान्ह्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रूढ फिजिओथेरपीचा वेगळा फायदा त्यात दिसला नाही. क्षेत्रात खळबळ उडाली. पण त्या अभ्यासातली मोजणीही वयाशी तुलना करणारीच होती.

याच सुमारास कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात नवी मोजपट्टी घडत होती. १९८५ मध्ये तिथल्याच कर्शनर आणि गयाट यांनी एक मूलभूत भेद मांडला होता. एक कसोटी माणसामाणसांतला फरक सांगते, दुसरी भविष्याचा अंदाज देते आणि तिसरी एकाच माणसात काळानुसार झालेला बदल टिपते. एकीचं काम दुसरी करीलच असं नाही. डायॅन रसेल, बालरोगतज्ज्ञ पीटर रोझेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसऱ्या प्रकारची कसोटी बांधायला घेतली आणि १९८९ मध्ये ती प्रसिद्ध केली.

तिच्यात ८८ हालचाली आहेत. आडवं असणं आणि कुशीवर वळणं यांच्या १७, बसण्याच्या २०, रांगणं आणि गुडघ्यांवर उभं राहणं यांच्या १४, उभं राहण्याच्या १३ आणि चालणं, धावणं, उड्या यांच्या २४. हालचालींची अडचण नसलेलं पाच वर्षांचं मूल ही सारी कामं करू शकतं. प्रत्येक हालचालीला ० ते ३ गुण. मुलानं सुरुवातच केली नाही तर ०, जेमतेम सुरुवात केली तर १, अर्धवट जमलं तर २, पूर्ण जमलं तर ३. या मधल्या १ आणि २ गुणांतच कसोटीचं सारं मोल आहे. ‘येतं’ आणि ‘येत नाही’ यांच्यामध्ये मुलाची कितीतरी महिन्यांची मेहनत असते. त्या मेहनतीला इथे गुण मिळाले. कसोटी खरी ठरते का, हे पाहतानाही संशोधकांनी तिच्या गुणांतला बदल तीन मतांशी ताडला: थेरपिस्टचं, चित्रफिती पाहणाऱ्या तटस्थ परीक्षकांचं आणि आईवडिलांचं. आईवडिलांची नजर इथे पुरावा मानली गेली.

तरी एक उणीव राहिली. मान वळवण्याचे ३ गुण आणि एका पायावर लंगडी घालण्याचेही ३. पट्टीवरचा एक इंच मोठा आणि दुसरा छोटा असावा, तसं हे होतं. डॅनिश गणिती गेओर्ग राश यांच्या पद्धतीनं मांडणी तपासून २००० मध्ये २२ हालचाली वगळल्या गेल्या आणि उरलेल्या ६६ सोप्याकडून अवघडाकडे लावल्या गेल्या. फार गंभीर अडचण असलेल्या मुलांसाठी जुनी ८८ची यादी आजही उपयोगी पडते.

त्याआधी १९९७ मध्ये रॉबर्ट पालिसानो आणि याच गटानं हालचालींच्या क्षमतेच्या पाच श्रेणी आखल्या होत्या. पहिल्या श्रेणीतलं मूल आधाराविना चालतं, धावतं. तिसऱ्या श्रेणीतलं वॉकर किंवा कुबड्या घेऊन चालतं. पाचव्या श्रेणीतल्या मुलाला मान आणि धड सावरणंही कठीण जातं. २००२ मध्ये ऑन्टारिओतल्या ६५७ मुलांच्या नोंदींवरून प्रत्येक श्रेणीच्या वाढीचा आलेख निघाला. पाचव्या श्रेणीतली मुलं आपल्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत तिसऱ्या वर्षाच्या आतच पोचतात, तर पहिल्या श्रेणीतली पाचव्या वर्षाच्या सुमारास. ‘माझं मूल चालेल का?’ या प्रश्नाला डॉक्टरांना अंदाजापलीकडचं उत्तर देता येऊ लागलं. मात्र हे आलेख सरासरीचे आहेत. एखाद्या मुलाचं भाकीत त्यात लिहिलेलं नाही.

तोलाची कसोटी वेगळ्या घराण्यातून आली. कॅनडातच कॅथरीन बर्ग यांनी १९८९ मध्ये वृद्धांसाठी १४ कामांची कसोटी बनवली होती. अमेरिकेतल्या फ्रँजॉइन आणि सहकाऱ्यांनी तिला मुलांजोगं रूप दिलं आणि २००३ मध्ये ‘पीडिॲट्रिक बॅलन्स स्केल’ आली. मूल दोन मिनिटं एका जागी उभं राहणार कसं? म्हणून ती वेळ ३० सेकंदांवर आणली गेली. खुर्चीतून उठणं, डोळे मिटून उभं राहणं, एका पायावर तोल धरणं, स्वतःभोवती फिरणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, अशी ही कामं. एकूण गुण ५६. जे मूल चालतं, पण मधल्या सुट्टीच्या गर्दीत पडतं, त्याची अडचण इथे नेमकी कळते.

आपल्याकडे मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत या मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, तेव्हा जीएमएफएम आणि तोलाची कसोटी यांपैकी एकही अस्तित्वात नव्हती. आज आपल्याकडचे बालफिजिओथेरपिस्ट त्या वापरतात. आपल्या उठबशीशी जीएमएफएम चांगली जुळतेही. उकिडवं बसणं, जमिनीवर सावकाश बसणं, जमिनीवरून उठणं ही कामं तिच्या यादीत आहेतच.

म्हणून आईवडिलांना विनंती आहे. ‘सुधारणा आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. मुलाची श्रेणी कोणती, मागच्या वेळी गुण किती होते, आता किती आहेत, बसण्यात फरक पडला की उभं राहण्यात, हे विचारा आणि त्याची लेखी नोंद मागा. थेरपिस्टनीही ठरावीक काळानं मोजावं, आणि आकडा जागचा हलत नसेल तर उपचाराची दिशा बदलावी. ही मोजपट्टी मुलाला त्याच्या स्वतःच्याच कालच्या दिवसाशी ताडण्यासाठी बनली आहे. शेजारच्या मुलाशी तुलना करायला ती वापरू नका.