मराठ्यांचे आरमार आणि परदळी गेलेले फिरंगी

मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. वडोदऱ्याच्या मांडवीपाशी लहरीपुरा, पाणी, चांपानेर आणि गेंडी या चार दरवाजांचे रस्ते एकत्र मिळतात. समुद्र तेथून दूर आहे. तथापि गायकवाडी राज्याचा दर्याशी संबंध होताच. बिलीमोरा हे त्याच्या आरमाराचे ठाणे होते. पश्चिम किनाऱ्यावरील कोणत्याही सत्तेपुढे एक प्रश्न सदैव उभा असे. सागवान जंगलातून आणता येते, तोफा विकत घेता येतात. परंतु जहाज बांधणारा, हाकारणारा आणि तोफ डागणारा मनुष्य आपल्या पदरी टिकवावा कसा?

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण १६५९ सालचे आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हस्तगत झाल्यावर शिवाजी महाराजांनी तेथे जहाजबांधणीस आरंभ केला. या कामावर रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज, त्याचा पुत्र आणि त्यांच्या हाताखालचे सुमारे ३४० लोक होते. ही जहाजे जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध असल्याचे सांगण्यात येत होते. पण हे बळ उद्या आपल्यावरच उलटेल, ही भीती पोर्तुगीज अधिकाऱ्यांना वाटली. उघड युद्ध नको होते. मग वसईच्या कप्तानाने व्हिएगसचे मन वळविले आणि ही सारी मंडळी काम टाकून गुपचूप निघून गेली. एकही तोफ न डागता शत्रूची गोदी ओस पाडण्याचा हा डाव होता.

डाव तात्पुरता साधला, पण हेतू सिद्धीस गेला नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज बसरूरच्या स्वारीस निघाले, तेव्हा त्यांच्यासमवेत ८५ लहान आणि ३ मोठी जहाजे होती. परक्या कारागिरांवाचून काम अडू नये, एवढी विद्या कोकणच्या किनाऱ्यावर होतीच. कोळी, भंडारी आणि दालदी हे पिढीजात दर्यावर्दी या आरमाराचे खरे बळ ठरले.

पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात हीच चिंता इंग्रजांना भेडसावू लागली. युरोपातून आलेल्या खलाशाचे जिणे कष्टाचे होते. मुंबईची रोगट हवा, तुटपुंजा आणि थकलेला पगार, पाठीवर पडणारे फटके, यांना कंटाळून तो संधी मिळताच जहाज सोडी. जाण्यास जागाही होती. तोफेचे काम जाणणाऱ्याला देशी दरबारात मान आणि दाम मिळे. क्लेमेंट डाउनिंग हा इंग्रजी आरमारातील मिडशिपमन १७२१ सालच्या सुमारास या किनाऱ्यावर होता. मादागास्करचा चाचा प्लँटन आंग्र्यांच्या चाकरीस गेल्याची हकीकत त्याच्या १७३७ सालच्या ग्रंथात आहे. विशेष म्हणजे हा डाउनिंग स्वतःच पुढे काही काळ मोगलांच्या पदरी अभियंता म्हणून राहिला.

यावर धाकाचा उपाय योजला गेला. ब्रिटिश आरमारासाठी १७४९ साली झालेल्या कायद्यात पळून जाणाऱ्यास देहान्तापर्यंतची शिक्षा होती. परंतु मनुष्यबळाची सदाच वाण असल्याने पकडलेल्यास फासावर देण्याऐवजी फटके मारून पुन्हा कामास जुंपणेच बहुधा सोयीचे पडे.

खरा परिणामकारक उपाय निघाला तो तहनाम्यांतून. पळणाऱ्याचे पाय बांधण्यापेक्षा त्याला आश्रय देणारे दार बंद करावे, हे कंपनीने ओळखले. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या राष्ट्रांचे युरोपीय पदरी ठेवण्यास पेशव्यांना मनाई झाली. १८०३ साली शिंद्यांच्या सैन्यातील ब्रिटिश अंमलदारांनी चाकरी सोडल्यास त्यांच्या निर्वाहाची हमी वेलस्लीने जाहीर केली. वसईच्या कप्तानाची जुनीच युक्ती आता जाहीरनाम्याच्या रूपाने आली. आणि २१ एप्रिल १८०५ रोजी आनंदराव गायकवाड यांच्याशी झालेल्या तहात कंपनीच्या संमतीवाचून कोणी युरोपीय, अमेरिकन किंवा कंपनीचा हिंदी प्रजाजन चाकरीस ठेवू नये, असे कलम आले. गायकवाडांचे चाकर कंपनीनेही त्यांच्या इच्छेविरुद्ध ठेवू नयेत, असे पुढे म्हटले होते. परंतु ज्याच्या फौजेच्या आधारावर दरबार उभा होता, त्याला या बंधनाची झळ कितीशी लागणार?

एका साध्या खलाशाला दुसरा धनी शोधण्याची मोकळीक उरू नये, एवढ्यासाठी राज्याराज्यांचे तह झाले. कोणाला पदरी ठेवावे हे ठरविण्याचा अधिकार हे सार्वभौमत्वाचे एक लक्षण होय. तो अधिकार एका कलमाने संकोच पावला, ही गोष्ट किनाऱ्यापासून दूर असलेल्या या नगरीच्या इतिहासातही म्हणूनच नोंद घेण्याजोगी आहे.