ब्रिटनमधील घरगुती फळबाग

ब्रिटनमधील घरगुती फळबाग म्हणजे घराच्या परसात, भिंतीलगत किंवा भाड्याने घेतलेल्या लहान भूखंडावर कुटुंबाच्या वापरासाठी केलेली फळझाडांची व फळझुडपांची लागवड होय. सफरचंद, नासपती, प्लम, चेरी, रासबेरी, ब्लॅककरंट, गूजबेरी आणि स्ट्रॉबेरी ही या बागांमधील प्रमुख फळे आहेत. ब्रिटनचे हवामान थंड सागरी प्रकारचे आहे. अशा हवामानात फळझाडे हिवाळ्यातील थंडीने सहसा मरत नाहीत. उन्हाळ्यातील अपुरी उष्णता, वर्षभर टिकणारी ओल आणि फुलोऱ्याच्या वेळी पडणारे हिमतुषार (गोठलेले दव) या तीन अडचणींवर तेथील उत्पादन अवलंबून असते. त्यामुळे जागा, खुंट व वाण यांची निवड हा या बागकामाचा पाया मानला जातो.

हवामान

ब्रिटन बेट सुमारे ५० ते ५९ अंश उत्तर अक्षांशांदरम्यान आहे. अटलांटिक महासागरातील उबदार प्रवाह आणि पश्चिमेकडून येणारे वारे यांमुळे तेथील हिवाळा त्याच अक्षांशांवरील कॅनडाच्या अंतर्भागापेक्षा पुष्कळ सौम्य असतो. लंडनचे सरासरी तापमान जानेवारीत सुमारे ५ ते ६ अंश सेल्सिअस, तर जुलैत सुमारे १९ अंश असते. पाऊस मोसमी नसून वर्षभर थोडाथोडा पडतो. इंग्लंडच्या आग्नेय भागात वर्षाला साधारणतः ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस होतो, तर पश्चिमेकडील काही डोंगराळ भागांत तो ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त असतो.

सफरचंदासारख्या पानगळी झाडांना हिवाळ्यात विश्रांतीसाठी दीर्घकाळ थंडी लागते. ही गरज साधारणतः ७ अंशांखालील तासांत मोजतात. पुरेशी थंडी मिळाल्यावरच वसंतात कळ्या एकसारख्या फुटतात. सफरचंदाचा मुख्य बहर एप्रिलच्या अखेरीस व मे महिन्यात येतो. उमललेल्या फुलांना उणे २ अंशांच्या आसपासचे तापमानही घातक ठरते, त्यामुळे एका रात्रीत वर्षाचे पीक जाऊ शकते.

जागेची निवड

थंड हवा जड असल्याने उतारावरून खाली वाहत जाते व खोलगट जागी साचते. म्हणून दरीच्या तळाशी किंवा उताराला आडव्या बांधलेल्या भरीव कुंपणाच्या वरच्या बाजूला फळझाडे लावणे टाळतात. वाऱ्यापासून संरक्षण देणारी, पण थंड हवेला वाट देणारी, दक्षिण किंवा पश्चिमेकडे उतरती जागा उत्तम समजली जाते.

उत्तर गोलार्धात इतक्या वरच्या अक्षांशावर दक्षिणाभिमुख भिंतीला सर्वाधिक ऊन मिळते. विटांची भिंत दिवसा उष्णता साठवते व रात्री ती हळूहळू सोडते. या गुणाचा उपयोग करून पीच, जर्दाळू व अंजीर यांची झाडे भिंतीलगत पंख्याच्या आकारात वाढवली जातात. मोठ्या वाड्यांच्या भिंतबंद बागांमध्ये १८व्या शतकात काही भिंती आतून पोकळ बांधून त्यांतून गरम हवा व धूर फिरवीत असत. आंबट चेरी व गूजबेरी मात्र उत्तराभिमुख भिंतीलगतही फळ देतात.

खुंट व कलमे

बियांपासून वाढवलेल्या सफरचंदाच्या झाडाची फळे मूळ झाडासारखी निघत नाहीत. त्यामुळे इच्छित वाणाचे कलम खुंटावर बांधतात. झाडाचा आकार मुख्यतः खुंटावरून ठरतो. केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग येथे १९१३ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन केंद्राने युरोपात प्रचलित असलेल्या खुंटांचे वर्गीकरण करून त्यांना क्रमांक दिले. यातील ‘एम ९’ या खुंटावरील झाड साधारणतः २ ते ३ मीटर उंच वाढते आणि लवकर फळावर येते, परंतु त्याला कायमचा आधार द्यावा लागतो. ‘एमएम १०६’ हा मध्यम आकाराचे झाड देणारा खुंट लोकरी माव्याला प्रतिकारक आहे. नासपतीसाठी क्विन्सचे, तर प्लमसाठी ‘सेंट ज्युलियन ए’ हे खुंट वापरतात. ठेंगण्या खुंटांमुळे लहान परसातही अनेक वाणांची झाडे लावणे शक्य झाले.

वाण व परागण

सफरचंदाच्या बहुतेक वाणांना फळधारणेसाठी त्याच काळात फुलणाऱ्या दुसऱ्या वाणाचे पराग लागतात. ‘ब्रॅम्ली’ या स्वयंपाकासाठी प्रसिद्ध असलेल्या आंबट सफरचंदाचे मूळ झाड १८०९ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधील साउथवेल येथे बियांपासून उगवले. या वाणात गुणसूत्रांचे तीन संच असल्याने त्याचे पराग निरुपयोगी ठरतात. त्यामुळे ब्रॅम्लीसोबत आणखी दोन वाण लावण्याचा सल्ला दिला जातो. ‘व्हिक्टोरिया’ हा प्लम स्वपरागित असून त्याचे एकटे झाडही फळ देते.

‘कॉक्सेस ऑरेंज पिपिन’ हे चवीसाठी नावाजलेले सफरचंद खपली रोग (स्कॅब) व खोडावरील व्रण यांना सहज बळी पडते. कोरड्या आग्नेय भागात ते चांगले येते, परंतु ओल्या पश्चिम व उत्तर भागांत निराशा करते. केंटमधील ब्रॉगडेल येथील राष्ट्रीय फळसंग्रहात सफरचंदाचे २,००० पेक्षा अधिक वाण जतन केले आहेत.

बोरवर्गीय व झुडपी फळे

थंड व ओलसर उन्हाळा रासबेरी, ब्लॅककरंट आणि गूजबेरी यांना मानवतो. पूर्व स्कॉटलंड रासबेरीसाठी विशेष प्रसिद्ध आहे. डंडीजवळील संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ब्लॅककरंटच्या वाणांना ‘बेन’ या शब्दाने सुरू होणारी स्कॉटिश पर्वतांची नावे दिली आहेत. त्यांतील अनेक वाण उशिरा फुलत असल्याने हिमतुषारांतून बचावतात. दुसऱ्या महायुद्धात संत्र्यांची आयात घटल्यावर ‘क’ जीवनसत्त्वासाठी लहान मुलांना ब्लॅककरंटचे सरबत पुरवण्यात आले होते. ब्लूबेरीला सुमारे ४.५ ते ५.५ सामू असलेली आम्लधर्मी माती लागते. चुनखडीच्या जमिनीत ती कुंडीत लावून तिला पावसाचे साठवलेले पाणी देतात.

रोग व कीड

खपली रोगाची बुरशी गळलेल्या पानांवर हिवाळा काढते आणि वसंतातील पावसात तिचे बीजाणू नव्या पालवीवर पसरतात. पाने गोळा करून हटवणे, झाडाचा मध्य मोकळा राहील अशी छाटणी करणे व प्रतिकारक वाण लावणे हे त्यावरील प्रमुख उपाय होत. पीचच्या पानांवरील आकसा रोगही पावसाच्या पाण्याने पसरतो. त्यामुळे हिवाळ्यापासून मेच्या मध्यापर्यंत भिंतीलगतच्या झाडावर पावसापासून आडोसा करतात. प्लम व चेरीची छाटणी उन्हाळ्यात करतात, कारण हिवाळ्यातील जखमांतून रुपेरी पान रोगाची बुरशी सहज शिरते.

शाश्वत पद्धती

कंपोस्ट, पालापाचोळ्याचे आच्छादन, पावसाच्या पाण्याची साठवण आणि मधमाश्यांसाठी फुलझाडे या गोष्टी आता घरगुती बागांमध्ये रूढ झाल्या आहेत. पीट काढल्याने दलदलींत साठलेला कार्बन मुक्त होतो, म्हणून पीटविरहित मातीमिश्रणांचा पुरस्कार केला जातो. श्रॉपशायरमध्ये रॉबर्ट हार्ट यांनी उंच झाडांपासून कंदांपर्यंत सात थरांची ‘वनबाग’ विकसित केली. डेव्हनमधील डार्टिंग्टन येथे मार्टिन क्रॉफर्ड यांनी १९९४ मध्ये अशीच बाग सुरू केली. तेथे उन्हाची तिरीप कमी असल्याने झाडांमधील अंतर उष्ण प्रदेशांतील वनबागांपेक्षा जास्त ठेवावे लागते.

ज्यांना परस नाही, त्यांच्यासाठी स्थानिक प्रशासनाकडून भाड्याने मिळणाऱ्या भूखंडांची व्यवस्था आहे. १९०८ च्या कायद्याने तिला बळकटी दिली. अशा भूखंडाचा पारंपरिक आकार सुमारे २५० चौरस मीटर आहे.

सद्यस्थिती

हवामान उबदार होत असल्याने फळझाडे पूर्वीपेक्षा लवकर फुलू लागली आहेत. मात्र वसंतातील गोठवणाऱ्या रात्री थांबलेल्या नाहीत. परिणामी सरासरी तापमान वाढूनही फुलोरा करपण्याचा धोका कायम आहे. उबदार हिवाळ्यात ब्लॅककरंटसारख्या झुडपांची थंडीची गरज अपुरी राहते व कळ्या अनियमित फुटतात.

विसाव्या शतकात शेतीतील बदल, घरबांधणी व आयात फळांची स्पर्धा यांमुळे उंच झाडांच्या पारंपरिक फळबागा मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. त्यांच्या जुन्या, कुजक्या खोडांत नोबल शेफर या दुर्मीळ भुंगेऱ्याच्या अळ्या वाढतात. २००७ मध्ये अशा बागांचा समावेश संवर्धनासाठी प्राधान्य असलेल्या अधिवासांत करण्यात आला. स्थानिक वाणांकडे लक्ष वेधण्यासाठी १९९० पासून २१ ऑक्टोबरच्या सुमारास ‘ॲपल डे’ साजरा होतो. बाजारातून हद्दपार झालेले अनेक वाण आज मुख्यतः वाणसंग्रहांत, सामुदायिक बागांत आणि घरगुती परसांत टिकून आहेत.