उपाशी गाठ

१९६०च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा इथल्या प्रयोगशाळेत ज्युडा फोकमन हे तरुण सर्जन खरं तर रक्ताला पर्याय शोधत होते. सशाची थायरॉइड ग्रंथी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून त्यांनी आणि फ्रेडरिक बेकर यांनी तिच्यात कॅन्सरच्या पेशी सोडल्या. गाठी एक-दोन मिलिमीटर वाढल्या आणि थांबल्या. त्याच गाठी उंदरात घातल्यावर मात्र फोफावल्या. उंदराच्या शरीरात नव्या रक्तवाहिन्या फुटून त्यांच्यापर्यंत पोचत होत्या.

१९७१ साली फोकमन यांनी मांडलं, की गाठ स्वतःच रसायन सोडून या वाहिन्या बोलावते. त्यांतून तिला प्राणवायू मिळतो. पुढे तिच्या पेशी फुप्फुसात, यकृतात जातात त्याही रक्ताच्याच वाटेने. रसद तोडली, तर गाठ उपाशी पडेल! अनेक तज्ज्ञांना हे पटलं नाही. त्या वाहिन्या म्हणजे त्यांच्या मते नुसती सूज होती.

१९८९मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळं केलं. १९९८मध्ये उंदरांवरच्या यशाची बातमी पहिल्या पानावर झळकली आणि रुग्णांच्या आशा उंचावल्या. व्हीईजीएफला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब २००४मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमोथेरपीच्या जोडीला ते दिल्यावर रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेला.

म्हणजे जेमतेम पाच महिने. कारण एक वाट अडवली, की गाठ दुसरी शोधते. फोकमन २००८मध्ये गेले. त्यांचा मुद्दा खरा ठरला होता, पण गाठ त्यांच्या अंदाजापेक्षा चिवट निघाली.