तबकडीवरचे झाकण आणि सोलापूरची धूळ

मराठीत ग्रामोफोनविषयी जे लिहिले गेले आहे, त्यात गायक-गायिका आहेत, नाटक मंडळ्या आहेत, कंपन्या आणि त्यांचे एजंट आहेत. तबकडी ज्या यंत्रावर फिरली, त्या यंत्राच्या झाकणाबद्दल मात्र कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. विषय क्षुल्लक वाटतो हे खरे. पण गेली काही वर्षे सोलापुरातल्या जुन्या रेकॉर्डी पाहता-धुता माझ्या लक्षात आले, की एखाद्या गावात संगीत कसे ऐकले गेले आणि त्यातले आज किती उरले, या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात या झाकणाचा वाटा आहे. रेकॉर्ड लावताना झाकण उघडे ठेवावे, बंद ठेवावे की काढूनच ठेवावे, याचे उत्तर शंभर वर्षांत दोनदा उलटले. तिसरे उत्तर सोलापूरपुरते आपल्याला शोधावे लागते.

बंद झाकणाचा काळ

नोव्हेंबर १९०२मध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचा आवाज मुद्रित केला आणि हिंदुस्थानात तबकड्यांचा व्यापार सुरू झाला. तबकड्या तेव्हा जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापून येत. १९०८पासून कलकत्त्यातच कारखाना चालू झाला. तबकडीत लाख असे, आणि ती लाख बहुतांशी आपल्याच छोटा नागपूरकडच्या जंगलांतली. म्हणजे पळसा-कुसुंबावरच्या किड्यांची लाख समुद्रापार जाई आणि गाणे होऊन परत येई. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. तबकडी टिकावी आणि पोलादी पिनेचे टोक झिजून खोबणीच्या मापाचे व्हावे, हा त्यामागचा हेतू. म्हणून प्रत्येक बाजूला नवी पीन लावायची, असा नियम होता.

सुरुवातीच्या यंत्रांना झाकणच नव्हते. उघडी तबकडी आणि वर भले मोठे कर्णे. १९०६ साली अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने कर्णा कपाटाच्या पोटात नेला आणि वर झाकण बसवले. दिवाणखान्यात यंत्र शोभावे हा एक उद्देश झाला, पण त्याचा ऐकण्यावरही परिणाम झाला. पीन खोबणीतून घासत जाताना जी खरखर होते, तिचा काही भाग कर्ण्यात न शिरता तबकडीवरून आणि ध्वनिपेटीवरून थेट हवेत जातो. झाकण मिटले की ती खरखर आत राहते आणि गाणे तेवढे पुढच्या जाळीतून बाहेर येते. या कपाटी यंत्रांवर ‘लावा आणि झाकण मिटा’ हीच रीत होती. झाकणाचे पहिले काम असे आवाज गाळण्याचे होते. धूळ अडवणे हा त्याचा जोडधंदा.

पण कपाटी यंत्र आपल्याकडे वाड्यांत आणि बंगल्यांतच पोहोचले. सर्वसामान्य घरात आला तो चावीचा पेटी-बाजा. एचएमव्हीचे १९३१ साली बाजारात आलेले १०२ क्रमांकाचे यंत्र हा त्याचा सर्वांत परिचित नमुना. त्यात कर्ण्याचे तोंड मागच्या बाजूला, बिजागरीपाशी उघडते. आवाज तिथून निघून उभ्या झाकणावर आपटतो आणि ऐकणाऱ्याकडे वळतो. झाकण मिटून हे यंत्र वाजतच नाही. उत्तर पहिल्यांदा उलटले ते इथे: उघडे झाकण हा यंत्राचा एक अवयवच झाला. ज्या घरांनी बालगंधर्व, हिराबाई, अब्दुल करीम खाँ ऐकले, त्यांतल्या पुष्कळांनी ते या झाकणावरून परतलेल्या आवाजात ऐकले.

कापसाच्या गावात

आता सोलापूर. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात हातमाग बसवले, मागाहून यंत्रमाग आले. चादर आणि टॉवेल म्हणजे सोलापूर, अशी गावाची ओळख देशभर झाली. पूर्व भागातल्या जुन्या घरांची रचना अशी, की पुढच्या खोलीत किंवा शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये माग आणि मागे संसार. कापसाचे तूस भिंतीवर, दिव्याच्या वायरीवर, देव्हाऱ्यावर बसते. त्यातून रेकॉर्ड सुटणे शक्यच नव्हते.

पूर्व भागातल्या एका थोरल्या गृहस्थांनी मला सांगितले, ‘बाजाला चादरच होती हो आमच्याकडे, खराब निघालेली. झाकणावर झाकण.’ त्यांच्या घरात तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांतल्या रेकॉर्डी होत्या, आणि सोलापुरात यात नवल काही नाही. गावच्या शाहिरावरचा ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट १९४७ साली आला. त्यातली वसंत देसाई यांच्या चालींची गाणी या लाखेच्या तबकड्यांवर निघाली होती. त्यांच्यासारख्या तबकड्या त्या घरात चादरीखाली राहत.

लग्नात आणि गणपतीत लाउडस्पीकरवाल्याची पेटी उघड्यावर चाले. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत तर होम मैदानावरची धूळ आणि रेकॉर्ड यांच्यामध्ये काहीच नसे. अशा पेट्यांतून उतरलेल्या तबकड्या मी हाताळल्या आहेत. काळी तबकडी मधल्या भागात राखी झालेली असते. तिच्यावर पीन ठेवली तर गाणे आधी येत नाही, रेती येते.

तरीही लाखेच्या तबकड्या या धुळीला बऱ्यापैकी पुरून उरल्या. कारण त्यांची खोबण रुंद होती, सुमारे १५० मायक्रॉन. पीन जड होती, तूस पुढे ढकलत जाई. खरा पेच निर्माण झाला तो प्लास्टिकच्या तबकडीने.

बारीक खोबण, मऊ तबकडी

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आणली. आपल्याकडे ती मध्यमवर्गीय घरांत शिरली १९६०च्या दशकात. लाख जाऊन व्हिनाइल आले, दगडाची भुकटी गेली, खरखर जवळजवळ संपली. खोबण मात्र लाखेच्या तबकडीच्या तिसऱ्या हिश्श्यावर, सुमारे ५० मायक्रॉनवर आली. तिच्यात फिरणाऱ्या हिऱ्याच्या वा नीलमण्याच्या टोकाची गोलाई १८ ते २५ मायक्रॉन.

विणकराला समजेल असा हिशेब मांडतो. तबकडीच्या एका बाजूला एकच खोबण असते, सुताच्या एका धाग्यासारखी अखंड. वीस मिनिटांची बाजू धरली तर तिची लांबी सुमारे ४३० मीटर भरते. आणि कापसाच्या एका तंतूची जाडी असते साधारण १२ ते २० मायक्रॉन. म्हणजे सोलापूरच्या हवेत तरंगणारा तंतू या खोबणीत अगदी मापात बसतो. रुंद खोबणीत तो लोळत होता, इथे रुततो. सुईचे वजन दोन-चार ग्रॅमच असले तरी टेकण्याची जागा इतकी सूक्ष्म, की तिथला दाब प्रचंड होतो. तंतूसोबत आलेला मातीचा कण त्या दाबाखाली मऊ भिंतीत कायमचा ठसा उमटवतो. पुढच्या प्रत्येक वेळी त्या जागी ‘टक्’ असा आवाज येतो, कण निघून गेला तरीही.

त्यात कोरड्या हवेची भर. व्हिनाइलवर घर्षणाने स्थिर वीज साठते आणि ती तूस ओढून घेते. हवेत ओल असली की ती वीज झिरपून जाते. सोलापूरचा फेब्रुवारी ते मे हा काळ सुका, रखरखीत. गमत अशी, की कोरड्या हवेचा हा त्रास विणकराला आधीपासून ठाऊक होता. हवा सुकली की ताण्याचे धागे तुटतात, म्हणून गिरणीच्या विणकामखात्यात मुद्दाम वाफारा सोडत. खड्डामागावर बसणाऱ्याला जमिनीची ओल मिळे. सुतासाठी जे केले जाई, ते शेजारच्या खोलीतल्या रेकॉर्डसाठी कोणी करणे शक्य नव्हते.

झाकणही ऐकते

याच सुमारास परदेशात उत्तर दुसऱ्यांदा उलटले. आवाज आता विजेच्या स्पीकरमधून येऊ लागला होता, त्यामुळे खरखर गाळण्याचे किंवा आवाज परतवण्याचे काम झाकणाकडे राहिले नाही. ते पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे झाले आणि केवळ धुळीपुरते उरले. पण पातळ, रुंद पत्रा स्पीकरसमोर धरला की तो थरथरतो, विशेषतः खर्जात. ती थरथर बिजागरीतून चौकटीत, चौकटीतून तबकडीत आणि सुईत जाते. सुई तिला गाणेच समजते आणि पुन्हा स्पीकरकडे पाठवते. आवाज वाढवला तर हे चक्र घुमू लागते. एडगर व्हिलचर याने १९६१ साली बाजारात आणलेल्या ‘एआर’ यंत्रात तबकडी आणि सुईचा दांडा स्प्रिंगांवर टांगून बाहेरच्या चौकटीपासून वेगळे केले, ते अशाच हादऱ्यांपासून सुटण्यासाठी. तेव्हापासून जाणकारांचा सल्ला ठरून गेला: ऐकताना झाकण काढून बाजूला ठेवा.

हा सल्ला मी माझ्या पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रावर तपासून पाहिला. रीत सोपी आहे, कोणीही करावी. मोटर बंद ठेवून स्थिर तबकडीवर सुई टेकवायची. खोलीतल्या स्पीकरवर दुसऱ्याच यंत्रातून तबल्याचे वादन लावायचे आणि सुई काय ‘ऐकते’ ते हेडफोनवर ऐकायचे. स्थिर सुईने गप्प राहायला हवे. पण डग्ग्याचे ठोके मला हेडफोनवर पुसट ऐकू आले. झाकण बिजागरीवर उभे असताना सर्वांत जास्त, मिटलेले असताना त्याहून कमी, काढून ठेवल्यावर सर्वांत कमी. मग यंत्र टेबलावरून उचलून भिंतीत ठोकलेल्या फळीवर नेले आणि स्पीकर लांब केले. झाकण मिटलेले आणि काढलेले यांतला फरक मला ओळखू येईनासा झाला. एका यंत्रावरचा हा अनुभव आहे, त्याचा सिद्धान्त करू नये. मात्र त्यावरून एवढे दिसते, की झाकणाच्या दोषाला झाकण काढण्यावाचूनही उतारा आहे.

दुसरी तपासणी धुळीची. दोन निकामी तबकड्या स्वच्छ धुऊन यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या एका परिचितांच्या खोलीत रात्रभर ठेवल्या, एक झाकणाखाली आणि एक उघडी. सकाळी कापडातले धागे मोजायच्या घडीच्या भिंगातून पाहिल्या. उघडीवरचे तंतू मोजण्याच्या पलीकडचे होते. झाकणाखालचे मी बोटांवर मोजले. परदेशी सल्ल्यात एक गोष्ट गृहीत आहे: खोलीची हवा स्वच्छ आहे. झाकणाचा तोटा सगळीकडे सारखाच, पण झाकण काढण्याची किंमत गावागणिक बदलते. सोलापूरच्या पूर्व भागात वीस मिनिटे उघडी फिरलेली तबकडी आणि थंड देशातल्या काचबंद दिवाणखान्यात फिरलेली तबकडी यांची तुलना होऊ शकत नाही.

म्हणून आमच्या गावापुरते माझे उत्तर असे: यंत्र भिंतीवरच्या फळीवर, स्पीकर वेगळ्या आधारावर आणि वाजवताना झाकण मिटलेले. अर्धे उघडे कधीच नको. वाजवून झाल्यावर तबकडी पाकिटात, कारण उन्हाच्या तिरिपेत पारदर्शक झाकणाखाली तबकडी तापून वाकते. झाकण कोरड्या फडक्याने पुसू नये. घासल्याने त्यावरही वीज साठते आणि तेच तूस गोळा करते. आणि पुसायला आमचा प्रसिद्ध टॉवेल तर मुळीच नको, तो स्वतःच तंतू सोडतो.

धुळीचा हिशेब

जुन्या रेकॉर्डीची चरचर आता अनेकांना गोड वाटते. नव्या गाण्यांतही ती मुद्दाम मिसळतात. मला तिच्यात ही गोडी सापडत नाही. गिरणीतली जी कापूसधूळ खोबणीत बसली, तीच माणसांच्या छातीत बसली. सुट्टीनंतर कामावर आले की पहिल्या दिवशी छाती आवळते, हे बिसिनोसिस या रोगाचे ओळखीचे लक्षण. कारखाना कायद्याच्या अनुसूचीत त्याचे नाव होते. बाज्याला झाकण होते, चादर होती. तो बाजा ज्यांच्या मजुरीतून घरात आला, त्यांच्या नाका-तोंडावर फार तर एक फडके असे. चरचर ऐकताना मला हे विसरता येत नाही.

दुसरी बाब आपल्या हातातली आहे. मुंबईत १९९०मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली आणि संग्राहकांनी पुष्कळ वाचवले. पण गावोगावच्या माळ्यांवर अजून तबकड्या आहेत. लावणी, तमाशा, कीर्तन अशा कमी खपाच्या रेकॉर्डींच्या बाबतीत हाती लागलेली प्रत कदाचित शेवटची असते. ती सापडल्याबरोबर वाजवून पाहण्याचा मोह आवरावा. आधी धुवावी. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, लाख विरघळते. बोअरचे जड पाणी वापरले तर क्षार खोबणीत वाळतात, म्हणून बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि मऊ कुंचला घ्यावा. सावलीत वाळवून मगच सुई टेकवावी आणि त्याच वेळी तिचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे. धुळीसकट वाजवलेली पहिली फेरी त्या आवाजाचा जो भाग खरवडून नेते, तो नंतर कितीही चांगल्या यंत्राने परत येत नाही.