ग्रीन बेचा हिवाळा, १९५९

१९५८च्या डिसेंबरात ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा हंगाम संपला, तेव्हा बारा सामन्यांचा हिशेब असा होता: विजय एक, पराभव दहा, बरोबरी एक. संघाच्या चाळीस वर्षांच्या आयुष्यातली ही सर्वांत लाजिरवाणी कामगिरी. बाल्टिमोरच्या संघाने तर एका सामन्यात त्यांना ५६–० असे लोळवले होते. पुढच्या महिन्यात न्यूयॉर्कच्या संघातले एक सहायक प्रशिक्षक, पंचेचाळीस वर्षांचे विन्स लोम्बार्डी, ग्रीन बेला आले आणि १९६१ ते १९६७ या सात हंगामांत याच संघाने पाच अजिंक्यपदे मिळवली. अमेरिकेच्या क्रीडाविश्वात ही कथा पुराणासारखी सांगितली जाते. तिच्यातला नायक खरा आहे, पराक्रमही खरा आहे. माझा आक्षेप आहे तो कथेच्या रचनेला. ती डिसेंबरमधून थेट सप्टेंबरात उडी मारते. आणि जे निर्णायक म्हणावे ते बहुतेक मधल्या, मैदान बर्फाखाली गाडलेल्या महिन्यांतच घडले, किंवा त्याच्याही कितीतरी आधी घडून गेलेले होते.

'फुटबॉल' म्हटल्यावर ज्या वाचकाच्या डोळ्यांसमोर कोल्हापूरची मैदाने उभी राहतील, त्याने येथे चेंडू लंबगोल करून घ्यावा आणि तो खेळाडूच्या हातात द्यावा. आक्रमण करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे. आक्रमणाचा सूत्रधार क्वार्टरबॅक. चेंडू घेऊन पळणारे हाफबॅक आणि फुलबॅक. आणि त्यांच्यासाठी अंगाने वाट मोकळी करणारे, ज्यांच्याकडे प्रेक्षक सहसा बघत नाहीत ते गार्ड आणि टॅकल. कामांची अशी काटेकोर विभागणी असल्यामुळे हंगाम संपला की प्रत्येक चाहता घरबसल्या यादी करू लागतो: ही जागा कच्ची, तो खेळाडू म्हातारा झाला, प्रशिक्षक बदलला पाहिजे. या याद्यांचा मोठा आधार म्हणजे ड्राफ्ट. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची संघांमध्ये वाटणी करण्याची ही पद्धत १९३६पासूनची आहे. तळाच्या संघाने सर्वांत आधी निवड करायची, हे तिचे सूत्र. पराभूताला दिलेली ही एक प्रकारची तगाईच.

ग्रीन बेच्या चाहत्याची गोष्ट मात्र इतरांहून निराळी होती, कारण तो नुसता चाहता नव्हता, मालक होता. विस्कॉन्सिन राज्यातले, मिशिगन सरोवराच्या एका फाट्यावर वसलेले हे साठ हजारांच्या आसपास वस्तीचे गाव. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा महानगरांच्या पंगतीत त्याचे पान मांडलेले असावे, हेच मुळात नवल. संघ १९१९मध्ये स्थापन झाला तो गावातल्या मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीने गणवेशाचे पैसे दिले म्हणून. 'पॅकर्स' हे नाव तिथूनच आले. पुढे १९२३, १९३५ आणि १९५० अशा तीन वेळा, संघ बुडतो की काय अशी अवस्था आली तेव्हा गावकऱ्यांना भाग विकून पैसा उभा केला गेला. या भागावर लाभांश नाही आणि तो विकून नफाही कमावता येत नाही. भागधारकांनी संचालक निवडायचे, संचालकांतून कार्यकारी समिती नेमायची. १९५६मध्ये तर गावाने कर्जरोख्यांच्या बाजूने मत देऊन नवे मैदान बांधायला मान्यता दिली, आणि पुढच्या वर्षी उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले. एवढे करून पदरात काय पडले, तर वर दिलेला तो एक-दहा-एक.

तेव्हा १९५८च्या डिसेंबरातला गावाचा संताप समजण्यासारखा आहे. संघाचे अध्यक्ष डॉमिनिक ओलेनिचक, जे गावाचे माजी महापौरही होते, त्यांचा पुतळा लोकांनी फासावर लटकवला. प्रशिक्षक रे मॅक्लीन स्वभावाने भले. खेळाडूंबरोबर पत्ते खेळायला बसणारे. त्यांनी राजीनामा दिला. आयोवा विद्यापीठाचे यशस्वी प्रशिक्षक एव्हाशेव्हस्की यांचे नाव नव्या नेमणुकीसाठी घेतले जात होते. संघाचे संस्थापक आणि जुन्या सहा अजिंक्यपदांचे शिल्पकार कर्ली लॅम्बो परत येऊ इच्छित होते, आणि त्यांना बोलवावे असे म्हणणाराही एक वर्ग गावात होता. अडचणीच्या काळात समाजाला गतवैभवाची आठवण होतेच. ग्रीन बे त्याला अपवाद नव्हते.

आणि खेळाडूंच्या गरजेचे काय? त्या काळच्या कुठल्याही चाहत्याने यादीत पहिले नाव क्वार्टरबॅकचेच लिहिले असते. संघचालकांनीही तेच केले. १९५९च्या ड्राफ्टच्या पहिल्या फेऱ्या डिसेंबर १९५८मध्येच, म्हणजे मॅक्लीन पदावर असतानाच उरकल्या होत्या. पहिल्या निवडीचा मान पॅकर्सचा. त्यांनी आयोवाचा क्वार्टरबॅक रँडी डंकन निवडला. त्या वर्षी महाविद्यालयीन खेळाडूंच्या सर्वोच्च पारितोषिकात हाइझमनच्या शर्यतीत दुसरा आलेला हा खेळाडू. निवड अगदी शास्त्रशुद्ध, कुणी बोट ठेवू नये अशी. डंकन कॅनडातल्या संघाकडे गेला. तो पॅकर्सकडून एकही सामना खेळला नाही.

आता त्या लाजिरवाण्या संघाची नामावली पाहू. ओहायो राज्यातल्या कॅन्टन येथे व्यावसायिक फुटबॉलचे हॉल ऑफ फेम आहे. या खेळात त्याहून मोठा सन्मान नाही. १९५८च्या त्या संघातले किमान आठ खेळाडू आज तिथे आहेत: जिम रिंगो, फॉरेस्ट ग्रेग, बार्ट स्टार, पॉल हॉर्नंग, जिम टेलर, रे निचकी, जेरी क्रेमर आणि बॉबी डिलन. क्रेमरला हा सन्मान २०१८मध्ये मिळाला, डिलनला त्याच्या मृत्यूनंतर २०२०मध्ये. बारापैकी एक सामना जिंकणाऱ्या संघात आठ अमर खेळाडू! गावकरी ज्याला उजाड माळ म्हणत होते त्या जमिनीत पेरणी कधीच होऊन गेली होती. टेलर, निचकी आणि क्रेमर हे तिघे तर एकाच, १९५८च्या ड्राफ्टमध्ये निवडलेले. ही निवड ज्यांच्या कारकिर्दीत झाली ते प्रशिक्षक लाइल ब्लॅकबर्न यांना लगेचच, त्याच जानेवारीत, नारळ देण्यात आला होता. आपण लावलेली झाडे बघायला ते थांबू शकले नाहीत.

पेरणी करणारा आणखी एक माणूस होता, आणि तो कचेरीतच होता. जॅक व्हेनिसी शिकागोचे. १९५०मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्यांच्याकडे खेळाडू हेरण्याचे काम आले. सैन्यात असताना झालेल्या संधिवाताच्या तापाने त्यांचे हृदय कायमचे दुबळे झाले होते. महाविद्यालयांतले प्रशिक्षक, जुने मित्र, ओळखीपाळखीचे लोक यांच्याकडून माहिती मिळवून त्यांनी हजारो खेळाडूंच्या नोंदी ठेवल्या. स्टारची गोष्ट बोलकी आहे. अलाबामा विद्यापीठाच्या ज्या संघाने १९५५मध्ये एकही सामना जिंकला नाही, त्या संघातही शेवटच्या वर्षी त्याला फारसे खेळवले गेले नव्हते. विद्यापीठाच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाने त्याच्याविषयी व्हेनिसींच्या कानावर घातले, आणि १९५६च्या ड्राफ्टमध्ये सतराव्या फेरीत, एकशे नव्याण्णव जणांच्या मागून, पॅकर्सने त्याला घेतले. म्हणजे डंकनवर पहिली निवड खर्ची घातली जात होती तेव्हा पुढच्या पाचही अजिंक्यपदांचा क्वार्टरबॅक संघाच्या पगारपत्रकावर होताच. चाहत्यांच्या यादीत त्याचे नाव असलेच तर ते बदलायच्या खेळाडूंमध्ये असणार.

मग उणीव कशाची होती? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर लोम्बार्डींच्या नेमणुकीच्या अटींत सापडते. त्यांनी पाच वर्षांचा करार केला आणि प्रशिक्षकपदाबरोबर महाव्यवस्थापकपदही मागून घेतले. ही निव्वळ सत्तेची हाव नव्हती. त्याआधीच्या दशकभरात ग्रीन बेच्या प्रशिक्षकाला सोमवारी कार्यकारी समितीसमोर बसून रविवारच्या पराभवाचा जबाब द्यावा लागे. समितीत व्यापारी होते, वकील होते, गावातली प्रतिष्ठित माणसे होती; प्रत्येकाला फुटबॉल कळत होते, निदान तशी त्यांची समजूत होती. स्थानिक वृत्तपत्राचे एक चालक तर संघाचे पहिले अध्यक्ष होते. त्यामुळे टीकाकार आणि मालक एकाच पंगतीला. लोम्बार्डींनी आल्याआल्या सांगून टाकले की येथला अंतिम शब्द माझा. ओलेनिचक यांनी ते मान्य केले, आणि समितीलाही करायला लावले. ज्या माणसाचा पुतळा महिन्याभरापूर्वी टांगला गेला, त्याने आपल्यासकट सर्वांचे हात बांधून घेतले. या कथेतले हे सर्वांत दुर्लक्षित शहाणपण म्हटले पाहिजे. संघाच्या गरजांची यादी करणारा मालक-चाहता स्वतःच त्या यादीतली पहिली अडचण होता. आणि हे त्याच्या यादीत कधीच आले नसते.

लोम्बार्डी न्यूजर्सीतल्या एका शाळेत लॅटिन, रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान शिकवत असत, ही गोष्ट आपल्यासारख्या मास्तरांना सुखावणारी आहे. त्या हिवाळ्यात त्यांनी १९५८च्या सामन्यांच्या फिल्म पुन्हापुन्हा पाहिल्या. चाहता ज्या चित्रात पराभव पाहत होता, त्याच चित्रात त्यांना माणसे दिसली. हॉर्नंगला दोन वर्षे या जागेवरून त्या जागेवर हलवले जात होते. लोम्बार्डींनी त्याला हाफबॅक म्हणून कायम केले. १९६०मध्ये त्याने एका हंगामात १७६ गुण केले आणि तो विक्रम २००६पर्यंत टिकला. दोन्ही गार्ड आपली जागा सोडून बाजूला धावतात आणि त्यांच्या आडोशाने हाफबॅक पळतो, अशी एकच चाल त्यांनी सर्वांत आधी शिकवली आणि ती अंगवळणी पडेपर्यंत शिकवत राहिले. पुढे स्वतः नामवंत प्रशिक्षक झालेले जॉन मॅडन सांगत, की या एका चालीवर लोम्बार्डींना त्यांनी आठ तास बोलताना ऐकले होते. एका श्लोकावर आठवडा काढणाऱ्या जुन्या शास्त्र्यांच्या परंपरेतच हे बसते.

उणिवा त्यांनी भरल्या त्या नेमक्या आणि बहुतांशी स्वस्तात. त्या चालीसाठी क्रेमरच्या जोडीला दुसरा गार्ड हवा होता. एकाहून अधिक संघांनी सोडून दिलेला फझी थर्स्टन बाल्टिमोरकडून आणला. संघाचा गाजलेला चेंडू-झेल्या बिली हाउटन याला क्लीव्हलँडला देऊन दोन खेळाडू घेतले. चाहत्यांना हे नक्कीच रुचले नसणार. हेन्री जॉर्डन आणि पुढच्या वर्षी विली डेव्हिस हे बचावफळीतले खंबीर खेळाडूही क्लीव्हलँडचेच. न्यूयॉर्कहून अनुभवी एम्लेन टनेल आला. ड्राफ्टमध्ये कुणीच न निवडलेला विली वुड १९६०मध्ये आला. तो संघांना स्वतः पत्रे लिहून संधी मागत होता. टनेल, डेव्हिस आणि वुड हे तिघेही कृष्णवर्णीय. पॅकर्समध्ये तोवर मोजकेच कृष्णवर्णीय खेळाडू होऊन गेले होते. गुणवत्तेचे एक अख्खे कोठार या गावाने जवळजवळ बंदच ठेवले होते, आणि ही गरजसुद्धा कुणाच्या यादीत नव्हती.

लोम्बार्डींना सगळे आधीपासून दिसत होते, असेही नाही. १९५९मध्ये त्यांनी लमार मॅकहॅन हा क्वार्टरबॅक बाहेरून आणला आणि हंगाम त्याच्यावरच सुरू केला. पहिला सामना शिकागोविरुद्ध ९–६ असा जिंकल्यावर खेळाडूंनी प्रशिक्षकांना खांद्यावर उचलले. तीन विजयांनंतर ओळीने पाच पराभव झाले. याच काळात स्टारच्या हाती सूत्रे गेली, शेवटचे चारही सामने जिंकले गेले आणि सात विजय, पाच पराभव असा हंगाम संपला. १९४७नंतर प्रथमच पराभवांपेक्षा विजय अधिक झाले. १९६०च्या सुरुवातीला पुन्हा स्टार की मॅकहॅन असा घोळ झालाच. जो निर्णय आज अपरिहार्य वाटतो, तो असा अडखळत घेतला गेला.

ही अडखळ पुढच्या कथेतून का गळाली, हा साहित्याच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे. लोम्बार्डींची दंतकथा मैदानावर जितकी घडली, तितकीच पुस्तकांतही घडली. डब्ल्यू. सी. हाइन्झ या नाणावलेल्या क्रीडालेखकाच्या साथीने त्यांचे 'रन टु डेलाइट' १९६३मध्ये आले. क्रेमरची १९६७च्या हंगामाची रोजनिशी 'इन्स्टंट रिप्ले' या नावाने १९६८मध्ये आली आणि प्रचंड खपली. दोन्ही पुस्तके विजयाच्या काळात लिहिलेली. दोन्हींच्या केंद्रस्थानी एक माणूस. १९७०मध्ये लोम्बार्डींचे सत्तावन्नाव्या वर्षी निधन झाले आणि अजिंक्यपदाच्या चषकालाच त्यांचे नाव मिळाले. रोजनिशीला, आत्मकथनाला आवाज हवा असतो. नोंदींच्या कार्डांना आवाज नसतो. आपणही केशवसुतांना 'आधुनिक मराठी कवितेचे जनक' म्हणून उत्तरपत्रिकांतून गुण देतो, आणि १८६९मध्ये 'राजा शिवाजी' लिहून काव्यभाषेशी झुंज घेणाऱ्या कुंट्यांना तळटीप मिळाली तर मिळते. केशवसुतांचे मोठेपण त्याने उणे होत नाही. पण जनकाच्या आधी काय होते, हा प्रश्न तेवढा विचारायचा राहून जातो.

लोम्बार्डींचे नाव पॅकर्सच्या श्रेष्ठींपर्यंत पोहोचवण्यात व्हेनिसींचा मोठा हात होता, असे सांगितले जाते. दोन हंगाम दोघांनी बरोबरीने काम केले. २७ नोव्हेंबर १९६० रोजी, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, व्हेनिसींचे ते दुबळे हृदय थांबले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत पॅकर्सने लॉस एंजेलिसमध्ये सामना जिंकून पश्चिम विभागाचे विजेतेपद मिळवले, १९४४नंतरचे पहिले. पॅकर्सच्या स्वतःच्या हॉल ऑफ फेममध्ये व्हेनिसींचे नाव आहे, कॅन्टनला नाही.