घोडा, जीप आणि मोकळे मैदान

2025 च्या दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, सोनपेठच्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर एक वाद रंगला होता. वादाचे एक पक्षकार म्हणजे पुण्याहून सहकुटुंब आलेले आमचे पुतणे. वय चाळिशीचे, धंदा संगणकाचा. दुसरे पक्षकार आमचे नातू. इयत्ता आठवी, हातात अष्टौप्रहर फोन. मध्ये चकलीचा डबा. माझी नियुक्ती, अर्थातच मला न विचारता, न्यायाधीश म्हणून झाली होती.

“काका, तुम्हीच सांगा,” पुतणे म्हणाले, “लढाई म्हटली की मैदान पाहिजे का नको? या नव्या खेळात मैदानच ठेवलं नाही. जीप घेऊन निघावं, तर वेग घेईपर्यंत हद्द संपते!”

“मग जीप कशाला पाहिजे?” नातू म्हणाले. “पळत जायचं!”

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. या दोघांच्या खेळातले मला काही कळत नसे. पण वाद मात्र ओळखीचा वाटला. हाच वाद कुठेतरी वाचला आहे, आणि तो बंदुकीच्या खेळाविषयी नव्हता, असे मनात येत राहिले. म्हणून दोघांनाही सांगितले, आधी मला तुमच्या खेळाची बखर सांगा, निकाल मग देऊ.

ती बखर अशी. स्वीडनमधील डाईस नावाच्या मंडळींनी 2002 साली ‘बॅटलफिल्ड 1942’ नावाचा संगणकावरचा खेळ काढला. विषय दुसऱ्या महायुद्धाचा. त्या वेळच्या बंदुकीच्या खेळांत बहुधा बोळ, खोल्या आणि जिने असत. कोपऱ्यावरून डोकावायचे आणि गोळी झाडायची. या खेळाने भिंती पाडल्या. एल अलामीनचे वाळवंट, पॅसिफिक महासागरातले वेक बेट असली विस्तीर्ण मैदाने, एका वेळी चौसष्ट खेळाडू, आणि ज्याला जे सापडेल ते त्याने चालवावे: जीप, रणगाडा, विमान, एवढेच काय, युद्धनौकासुद्धा. जागोजागी निशाणे रोवलेली. ती जिंकायची आणि राखायची. आमचे पुतणे तेव्हा परभणीला कॉलेजात होते. सात-आठ मित्र मिळून तासाच्या भाड्याने संगणक घेत आणि घरी “लायब्ररीत होतो” म्हणून सांगत. ही कबुली मला तेवीस वर्षांनी, चकली खाता खाता मिळाली.

“माझा नेम कधीच चांगला नव्हता, काका,” ते म्हणाले. “समोरासमोर मी पहिल्या झटक्याला मरायचो. पण मला रस्ता कळायचा. चौघांना जीपमध्ये घ्यायचं, लांबून वळसा मारायचा, आणि शत्रू पुढच्या निशाणावर भांडत असताना त्याच्या पाठीमागचं निशाण काढायचं. एक गोळी न झाडता. मित्र मला शोधत यायचे, जीप चालवायला.”

हे वाक्य मी मनात बाजूला ठेवले.

पुढे 2005 साली या मालिकेचा दुसरा भाग आला. त्यात एकच मैदान सोळा, बत्तीस किंवा चौसष्ट खेळाडूंसाठी लहानमोठे करून मिळे. कापडाच्या ठाणातून पाहिजे तेवढे फाडून घ्यावे, तसे. 2011 च्या तिसऱ्या भागात मैदाने मोठी होती. पण त्यातच पॅरिसच्या भुयारी रेल्वेतले एक मैदान होते. तिथे वाहन नाही, आकाश नाही. बोगद्याच्या दोन तोंडांशी दोन फौजा आणि मध्ये चेंगराचेंगरी. पुतण्यांना ते कधी आवडले नाही, पण लोकांनी ते डोक्यावर घेतले. ते म्हणतात, तिथे पाच मिनिटांत वीस जण मारता येत. वाळवंटात तेवढ्या वेळात एक टेकडी ओलांडली जाई. त्याच भागाच्या दूरचित्रवाणीला जोडायच्या यंत्रावरील आवृत्तीत चौसष्टांऐवजी चोवीसच खेळाडू मावत, म्हणून मैदानेही आखडावी लागली. 2012 साली केवळ बंद इमारतींची एक पुरवणी निघाली. तिच्यात वाहनच नव्हते. एक सांगायला हवे, की मधल्या काळात उलट प्रयोगही झाला. 2021 साली एकशे अठ्ठावीस खेळाडू आणि अवाढव्य मैदाने घेऊन एक भाग आला, आणि लोक चालून चालून कंटाळले. मोकळे मैदान निराळे आणि ओसाड मैदान निराळे. त्या मैदानांची मग डागडुजी करावी लागली. आणि 2025 च्या ऑक्टोबरात जो सहावा भाग आला, त्याची मैदाने लहान म्हणून जुने खेळाडू रागावले. त्या रागातला एक अंश आमच्या ओसरीवर येऊन पोचला होता.

नातवाच्या फोनातल्या खेळाची कथाही फार वेगळी नाही. दक्षिण कोरियातला पबजी 2017 साली आला, 2018 साली फोनवर उतरला, 2020 च्या सप्टेंबरात आपल्याकडे त्यावर बंदी आली, आणि 2021 साली तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हे नाव धारण करून परतला. गाव सोडलेल्या माणसाने आडनाव बदलून यावे, तसा. त्याचे पहिले बेट एरांगेल, आठ किलोमीटर लांब, आठ रुंद. शंभर जण विमानातून उड्या टाकतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. खेळ चालू असताना एक वर्तुळ आकसत जाते, त्याच्या बाहेर राहील तो मरतो. म्हणून जीप शोधावी लागते आणि तिचे पेट्रोलही जपावे लागते. पुढे चार किलोमीटरचे सानहोक आले, आणि 2020 साली फोनसाठी दोन किलोमीटरचे लिविक: खेळाडू बावन्न, डाव पंधरा मिनिटांचा. मोठी बेटे खेळातून गेलेली नाहीत, जीपही शिल्लक आहे. पण नातू आणि त्यांचे दोस्त उघडतात ते लिविक, नाहीतर गोदामातली चार विरुद्ध चारची झटापट. शाळा आणि शिकवणी यांच्या मध्ये तेवढीच बसते.

आता माझा विषय. सोनपेठच्या उत्तरेने गोदावरी वाहते. या नदीला धरून वर निघाले, की मराठ्यांच्या युद्धकलेचे अर्धे पुस्तक काठाकाठाने उलगडत जाते, आणि त्यात हाच वाद आहे.

1728 सालचे पालखेड घ्या. निजामाजवळ भारी तोफखाना, बाजीरावाजवळ नुसता घोडा. निजाम पुण्याच्या रोखाने निघाला. बाजीराव त्याच्या आडवा गेलाच नाही. तो खानदेश, बऱ्हाणपूर, गुजरात असा हिंडत राहिला, आणि निजामाला पुणे सोडून त्याच्यामागे धावावे लागले. धावायचे तर अवजड तोफा मागे टाकणे आले. त्या टाकून निजाम गोदावरीच्या बाजूला आला, आणि वैजापूरजवळ पालखेडच्या परिसरात मराठ्यांनी त्याचे पाणी आणि वैरण तोडली. मोठी लढाई अशी झालीच नाही. मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला. फील्ड मार्शल माँटगोमेरीने 1968 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची तोंड भरून स्तुती केली आहे. मला मात्र त्या दुपारी परभणीच्या कॉलेजातला जीप चालवणारा मुलगा दिसत होता. नेम बेताचा, पण रस्ता कळणारा.

मराठी घोडदळात बारगीर असे, त्याला घोडा सरकारचा. आणि शिलेदार असे, त्याचा घोडा स्वतःचा. शिलेदाराचा घोडा मेला, की त्याचे भांडवल बुडाले. म्हणून कोठे घुसायचे यापेक्षा कोठे घुसायचे नाही, हे त्याला अधिक चांगले कळे. आपले इतिहासकार कधीकधी याला भित्रेपणा म्हणतात. त्यांनी एकदा स्वतःच्या पैशाचा घोडा घेऊन पाहावा.

मग हे सुटले कसे? 1760 साली उदगीरला तोफखान्याने निजामाविरुद्ध काम चोख बजावले आणि सदाशिवरावभाऊंचा गारदी पायदळावर व तोफांवर विश्वास बसला. उत्तरेत गेल्यावर मल्हारराव होळकरांसारख्या जुन्या सरदारांचे म्हणणे पडले, की बुणगे मागे ठेवा आणि गनिमी काव्याने लढा. इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण मात्र घोड्याच्या मागे धावू शकत नव्हती. मैदान आखडावे लागले. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर काय झाले, ते सांगायला नको.

पण पानिपताने वाद मिटला नाही. दोनच वर्षांनी, 1763 च्या ऑगस्टमध्ये, आमच्याच नदीवर वरच्या अंगाला राक्षसभुवन येथे, निजामाची अर्धी फौज पूर आलेल्या पात्रापलीकडे गेलेली असताना माधवराव पेशव्यांनी अलीकडची अर्धी गाठली आणि दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. मोकळ्या रानाचा आणि नदीचा उपयोग अजून विसरला नव्हता.

विसर पाडला तो यशाने. महादजी शिंद्यांनी 1784 साली डी बॉयन या साव्हॉयच्या सेनानीला चाकरीस ठेवले आणि त्याने कवायती कंपू उभे केले. 10 सप्टेंबर 1790 ला मेडत्याला राठोडांचे घोडेस्वार या कंपूवर तुटून पडले. पलटणींनी पोकळ चौकोन बांधला, चारी बाजूंना संगिनी रोखल्या, आणि बाणेदार घोडदळ त्या चौकोनाभोवती कापले गेले. असे दोनतीन विजय पाहिल्यावर घोड्यावर पैसा कोण खर्च करील? पॅरिसच्या बोगद्यावर लोक का भाळले, हे कळायला मला मेडत्याची मदत झाली. बंद चौकोनातले यश लगेच दिसते आणि मोजता येते. वैरण तोडून जिंकलेली लढाई मोजायची कशी?

आणि मग असई. हे गाव आमच्या मराठवाड्यातले, आज जालना जिल्ह्यात. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दुआबातले. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्यापाशी घोडदळ तीस हजारांवर, पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली सुमारे दहा हजार कवायती पायदळ, आणि शंभराच्या आसपास तोफा. आर्थर वेलस्लीपाशी जेमतेम साडेचार-पाच हजार शिपाई. उतार कुठे आहे ते वाटाड्यांना सांगता येईना. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, की नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावे आहेत. समोरासमोर गावे म्हणजे जाण्यायेण्याची वाट असणारच. उतार तिथेच निघाला. 23 सप्टेंबर 1803 ला तो नदी ओलांडून दुआबाच्या निमुळत्या पट्ट्यात शिरला. एका बाजूला केळणा, दुसऱ्या बाजूला जुई, मध्ये चिंचोळी जमीन. त्या जमिनीवर घोडा फिरवायला जागाच नव्हती. पोलमनच्या पलटणी आणि गोलंदाज तोफांशेजारी मरेपर्यंत लढले. इंग्रजांचे सुमारे दीड हजार माणूस मेले अथवा जखमी झाले. पण ते प्रचंड घोडदळ बहुतांशी बघत उभे राहिले. संध्याकाळी अठ्ठ्याण्णव तोफा इंग्रजांच्या हाती होत्या.

वेलस्लीचेच पुढे असे मत पडले, की शिंद्यांनी युरोपीय अंमलदार आणि पायदळ ठेवलेच नसते आणि जुन्या मराठ्यांसारखे घोड्यावरूनच युद्ध केले असते, तर ते अधिक जड गेले असते. हे मत आपल्याकडे फार आवडीने सांगतात. मला ते पुरते पटत नाही. कारण पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी घोड्यावरूनच युद्ध केले, मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडवली. पण नोव्हेंबरात फर्रुखाबादला लेकने त्यांना गाठले, तेही घोड्यावरूनच. शेवटच्या चोवीस तासांत सुमारे सत्तर मैल दौडून. रस्ता ओळखण्याची विद्या एका जातीची मिरास नव्हे. आपण ती टाकत होतो, तेव्हा समोरचा ती उचलत होता; असईचा उतार हा त्याचा पुरावा.

आणखी एक गोष्ट, जी ओसरीवर सांगताना माझा आवाज थोडा खाली आला. मोकळ्या मैदानाच्या युद्धाची वैरण कोठून येत होती? आमच्याच गावांतून. घोडदळ कोणाचेही असो, ते येते आहे असे कळले की इथला कुणबी पेवात धान्य लपवी, पेवाचे तोंड लिंपी आणि गुरे घेऊन रानात जाई. बाजीरावाने निजामाची वैरण तोडली, म्हणजे कोणाच्या तरी शेतातली कडब्याची गंज पेटली. कंपूला महिन्याचा पगार ठरलेला होता. शिलेदाराचा पुष्कळसा पगार रयतेच्या घरात होता. घोडा गेला याचे दुःख त्या पेवाच्या मालकाला फारसे झाले असेल, असे वाटत नाही.

“खेळात शेतकरीच नसतो, आजोबा,” नातू म्हणाले. “गावं रिकामीच असतात सगळी.”

“म्हणून तर जीप चालवायला मजा,” पुतणे म्हणाले. निकाल माझ्याकडून कोणी मागितला नाही.

रात्री जेवणे झाल्यावर नातवाने फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि, कोणी न सांगता, मोठे बेट उघडले. चुलतकाका शेजारी बसले. विमानातून उडी झाली, जीप सापडली. पंधरा मिनिटे एकही गोळी सुटली नाही. काका “डावीकडून घे, टेकडीमागून, रस्ता सोड” म्हणत होते. आणि नातू, जे घरात कोणाचे म्हणून ऐकत नाहीत, ते मुकाट्याने डावीकडून घेत होते. एका नाल्यावर त्यांनी जीप थांबवली. पलीकडच्या पुलावर कोणी दबा धरला असेल म्हणाले. खरोखरच होते. आम्ही तिघेही श्वास रोखून त्या पुलाकडे पाहत राहिलो. सूनबाई केशरी दुधाचे पेले घेऊन आल्या, त्यांनाही खुणेने गप्प केले गेले.

मग वर्तुळ आकसू लागले. नातवाने जीप वळवली, दोन ओढे ओलांडले, आणि भर माळावर ती अडखळून थांबली.

“पेट्रोल संपलं,” नातू म्हणाले. “आता काय, आजोबा?”

मी म्हटले, “उतरा. आणि आधी पाहा, समोरासमोर दोन गावे कुठे दिसतात का.”