दंड, दंडुका आणि बंदूक

चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या राज्यकाळी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील आपली 'मिताक्षरा' ही टीका ज्या नगरीत लिहिली, ती नगरी म्हणजे आजचे बसवकल्याण होय. दायभागाच्या वादांमुळे हा ग्रंथ न्यायालयांतून सर्वश्रुत झाला. परंतु ज्या स्मृतीचे विवरण त्यात आहे, तिच्यातील एका नियमाकडे आमचे लक्ष सहसा जात नाही. चोरांनी नेलेले द्रव्य राजाने प्रजाजनांस भरून द्यावे, असे तेथे सांगितले आहे. गावात खून वा चोरी झाली आणि गुन्हेगाराचा माग गावाबाहेर गेलेला दिसला नाही, तर दोष गावाच्या प्रमुखावर येतो, असेही सांगितले आहे. सारांश, दंड धारण करण्याचा अधिकार ज्यास मिळाला, त्याच्या माथी रक्षणाचे ऋणही आलेच. हाच निकष हाती घेऊन आम्ही पोलिसांच्या शस्त्राचा इतिहास पाहू इच्छितो.

इंग्लंडात पोलिसाच्या हाती बंदूक नसते, ही गोष्ट आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. तिच्यामागे एक कटू अनुभव आहे. १८१९ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर येथे पीटरलूच्या मैदानावर जमलेल्या निःशस्त्र लोकांवर घोडेस्वार घालण्यात आले व त्यात अनेकांचे प्राण गेले. सैन्याकडून नगराचे रक्षण करविण्यात काय धोका आहे, हे त्या देशाने तेव्हा पाहिले. पुढे १८२९ साली सर रॉबर्ट पील यांनी लंडनचे नवे पोलीस दल उभारले, तेव्हा शिपायांचा गणवेश सैनिकांच्या तांबड्या रंगाचा न ठेवता निळा ठेवण्यात आला आणि त्यांच्या हाती एक लाकडी दंडुका व मदतीस हाक देण्यासाठी एक खुळखुळा एवढेच देण्यात आले. शिपाई हा लोकांपैकीच एक असून लोकांच्या संमतीवर त्याचे बळ उभे आहे, हा त्यामागील विचार होता.

परंतु याच चित्राची दुसरी बाजूही आहे. हेच पील त्यापूर्वी १८१२ ते १८१८ या काळात आयर्लंडचे चीफ सेक्रेटरी होते आणि तेथे १८१४ साली त्यांनी जे शांतता-रक्षक दल निर्माण केले, त्याचे स्वरूप निराळे होते. त्यातूनच पुढे वाढलेले आयरिश पोलीस दल बंदुका बाळगी, बराकींत राही आणि सैन्याप्रमाणे कवाईत करी. जेथे राज्यकर्त्यांस प्रजेच्या संमतीचा भरवसा होता तेथे दंडुका. जेथे तो नव्हता तेथे बंदूक! साम्राज्याच्या इतर प्रांतांत गेला तो आयर्लंडचा नमुना. १८४३ साली सिंध जिंकल्यावर सर चार्ल्स नेपियर यांनी तेथील पोलीस त्याच धर्तीवर उभारले आणि पुढे हिंदुस्थानातील पोलीस-रचनेवर त्या प्रयोगाची छाप पडली. गस्तीच्या शिपायाच्या हाती लाठी आणि जिल्ह्याच्या ठाण्यी बंदूकधारी राखीव तुकडी, ही जी व्यवस्था आपण आजही पाहतो, तिचे मूळ येथे आहे.

आजच्या ब्रिटनमध्येही सशस्त्र पोलीस आहेत. उत्तर आयर्लंडात ते सर्रास शस्त्र बाळगतात. इंग्लंड व वेल्स येथे मात्र शंभरांत पाचांहून कमी पोलिसांना, तेही विशेष शिक्षण देऊन, बंदूक वापरण्याची परवानगी असते. तिचा उपयोग झाला आणि माणूस दगावला, तर त्याची स्वतंत्र चौकशी होते. शस्त्र देणे आणि शस्त्राचा हिशोब मागणे या दोन्ही गोष्टी तेथे बरोबरीने चालतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आमचा हा बीदर-कलबुर्गीचा मुलूख इंग्रजी अंमलाखाली नव्हता. तो निजामाच्या राज्यात होता. पहिले सालारजंग यांनी १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी करून जिल्हा-पोलिसांची घडी बसविण्यास प्रारंभ केला. तत्पूर्वी अरब व रोहिले जमादारांच्या टोळ्याच वसुलीस आणि बंदोबस्तास फिरत असत. नवी घडी बसली, तरी मोठ्या जहागिरींत जहागीरदारांचेच पोलीस राहिले. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, हेही एका नबाबाच्या जहागिरीचे ठिकाण होते. एकाच राज्यात शस्त्राचे धनी अनेक असले, म्हणजे दाद कोणाकडे मागावी हे प्रजेस कळेनासे होते.

या दोषाचे भयंकर रूप १९४७-४८ साली प्रकट झाले. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार ही काही सरकारी पोलीस संघटना नव्हे. ती एका पक्षाची स्वयंसेवक सेना होती. परंतु राज्याने तिला आवरले नाही, उलट ठिकठिकाणी राज्याचे पोलीस आणि रझाकार खांद्याला खांदा लावून वावरले. याच परिसरातील गोरटा गावी मे १९४८ मध्ये रझाकारांनी केलेल्या संहाराची स्मृती आजही जिवंत आहे. २०२३ च्या मार्चमध्ये तेथे हुतात्मा स्मारकाचे अनावरण झाले. रझाकारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज' पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली, हेही विसरता कामा नये. अन्यायास विरोध करणारे सर्व धर्मांत होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गमार्गे आत शिरले. दुसऱ्या दिवशी विमानांच्या साहाय्याने वाट मोकळी करून ते उमरग्याहून राजेश्वरला, म्हणजे बसवकल्याणच्या परिसरात, पोहोचले. १७ तारखेस बीदर हाती आले आणि त्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. या मोहिमेस नाव मिळाले 'पोलीस कारवाई'. रणगाडे आणि विमाने असलेल्या मोहिमेस पोलिसांचे नाव का? कारण ही दुसऱ्या राष्ट्रावरील स्वारी नसून घरातील सुव्यवस्थेची पुनःस्थापना आहे, असे सरकारचे म्हणणे होते. ते म्हणणे मान्य केले, तर पोलिसांचे जे पहिले कर्तव्य, प्रत्येक प्रजाजनाचे रक्षण, तेही त्या नावाबरोबर आले.

आणि येथेच आम्हांस एक अप्रिय सत्य सांगावे लागते. विजयानंतरच्या दिवसांत सूडाची लाट उसळली व असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने मृतांचा आकडा सत्तावीस ते चाळीस हजार असा अंदाजिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक होरपळले, असे तिने नमूद केले. काही ठिकाणी सैनिक व पोलीसही लुटीत सामील झाले, असाही तिचा निष्कर्ष होता. हा अहवाल कित्येक दशके सरकारी कपाटात पडून राहिला. परंतु त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे: हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंना, प्रसंगी प्राण देऊन, वाचविले. त्यांच्या हाती ना सरकारी बंदूक होती ना अधिकाराचा बिल्ला. परंतु रक्षणाचे ऋण त्यांनी फेडले.

१७ सप्टेंबर हा दिवस आता येथे 'कल्याण कर्नाटक उत्सव' म्हणून साजरा होतो. २०१९ साली या विभागास मिळालेले नावही याच कल्याण नगरीचे आहे. त्या दिवशी गोरट्याच्या हुतात्म्यांना वंदन करणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु त्याच आठवड्यात आणि त्यानंतर ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली, त्यांचे स्मरण केल्याने त्या वंदनास उणेपणा येत नाही. उलट त्यास धर्माचे अधिष्ठान लाभते. मे महिन्यात ज्यांना राज्याने वाऱ्यावर सोडले ते हिंदू आणि सप्टेंबरात ज्यांना सोडले ते मुसलमान, हे दोघेही एकाच न फेडलेल्या ऋणाचे धनको होत. पोलिसांच्या हाती दंडुका असावा की बंदूक, हा प्रश्न काळ आणि प्रसंग पाहून सुटेल. परंतु ते शस्त्र कोणासाठी, आणि त्याचा हिशोब कोणापाशी, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीने विचारलाच पाहिजे. आठ-नऊशे वर्षांपूर्वी याच नगरीत बसून विज्ञानेश्वराने ज्या स्मृतीचे विवरण केले, तिचे उत्तर स्पष्ट आहे: ज्याचे गेले त्यास भरून द्यावे. आणि तसे करताना त्याची जात वा पंथ विचारू नये, हे आमचे म्हणणे.